करमाफी उठली तेव्हा : पोर्तो रिकोची गोष्ट



आजचा विषय करांचा आहे म्हटल्यावर काही जणांनी जांभई दिली असेल. गेल्या काही भागांत आपण लढायांबद्दल बोललो, आणि आज हा कर्नल एकदम आयकराच्या कलमांवर कुठून आला, असंही वाटेल. पण पाच मिनिटं धीर धरा. ही गोष्टसुद्धा एका चढाईचीच आहे. फरक इतकाच, की या चढाईत एक अख्खं बेट उघड्या मैदानात सापडलं.

आधी हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो.

२००३ साली माझी बदली अंदमानात झाली. तिन्ही दलांची एकत्रित कमांड २००१ मध्ये पोर्ट ब्लेअरला उभी राहिली होती. एकदा कामानिमित्त अगदी दक्षिणेच्या टोकाला, ग्रेट निकोबारमधल्या कॅम्पबेल बेला जाणं झालं. रस्त्याने जाताना एका घराच्या ओट्यावरून चक्क मराठी ऐकू आलं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण १९६९ पासून भारत सरकारने तिथे माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडू अशा राज्यांबरोबर महाराष्ट्रातलीही कुटुंबं त्यात होती. त्या घरातल्या आजोबांनी हात धरून बसवून घेतलं, शहाळं फोडलं आणि तासभर पलटणीच्या गप्पा मारल्या. त्यांचा दहाअकरा वर्षांचा नातू माझ्या टोपीकडे बघत उभा होता.

पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर २००४ ला, त्सुनामी आली. ते घर गेलं. माणसं वाचली.

तो नातू आज बंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मला काका म्हणतो, दिवाळीला न चुकता फोन करतो. गेल्या दिवाळीला म्हणाला, "काका, आता आमच्याकडे समुद्राखालून केबल आली आहे. सरकारने दहा वर्षं कर माफ केला, तर आयटी कंपन्या तिकडे नक्की येतील. मग मीही परत जाईन. आई-बाबा एकटेच आहेत. येतील ना कंपन्या?"

मला उत्तर देता आलं नाही. फौजी माणूस, अर्थशास्त्राशी संबंध पगारपत्रकापुरता. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाचायला बसलो. बेटावर करमाफी देऊन तंत्रज्ञानाचे उद्योग आणायचे, हा प्रयोग जगात आधी कुणी केला आणि त्याचं पुढे काय झालं? शोधता शोधता कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोला पोहोचलो. आजचा भाग म्हणजे त्या मुलाला दिलेलं उत्तर आहे.

ऊस, गरिबी आणि एक औषधविक्रेता

पोर्तो रिकोचं क्षेत्रफळ साधारण ९,१०० चौरस किलोमीटर. आपलं अंदमान-निकोबार सव्वाआठ हजारांचं, म्हणजे आकाराने फार फरक नाही. लोकसंख्येत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. अंदमान-निकोबारात २०११ च्या जनगणनेत ३ लाख ८० हजार माणसं होती, पोर्तो रिकोत आज बत्तीस लाखांच्या आसपास आहेत.

१८९८ च्या युद्धात स्पेन हरला आणि हे बेट अमेरिकेच्या हाती आलं. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. पण नागरिकत्व मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. बेटावर राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. अमेरिकी संसदेत त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, बोलतो, पण कायदा मंजूर करायची वेळ आली की त्याला मत देता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३० च्या दशकात बेटावर ऊस आणि दारिद्र्य यांचंच पीक होतं. १९४० च्या दशकात लुईस मुन्योस मारीन हे नेतृत्व पुढे आलं. लोकांनी निवडून दिलेला बेटाचा हा पहिला गव्हर्नर. त्याचा उजवा हात होता तेओदोरो मोस्कोसो. हा पेशाने औषधविक्रेत्यांच्या घरातला, शिक्षणाने फार्मासिस्ट. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास कंपनीची सूत्रं त्याच्याकडे आली. आधी त्याने सरकारी कारखाने काढून पाहिले. सिमेंट, काच, कागद, बूट. ते फारसं जमलं नाही. मग दिशा बदलली : आपण कारखाने काढण्यापेक्षा अमेरिकेतल्या कारखानदारांना इकडे बोलवायचं. १९४७ मध्ये कायदा झाला आणि नव्या उद्योगांना बेटाचा कर माफ झाला. अमेरिकेच्या जुन्या कायद्यानुसार अशा प्रदेशात मिळवलेल्या नफ्यावर केंद्राच्या करातही सवलत होती. मजुरी स्वस्त, बाजारपेठ अमेरिकेची, चलन डॉलर, आणि वर करमाफी. या मोहिमेला स्पॅनिशमध्ये नाव दिलं ‘मानोस आ ला ओब्रा’, म्हणजे ‘चला, कामाला लागा’.

आणि बेट खरोखर कामाला लागलं. आधी कपडे शिवायचे कारखाने आले, मग खनिज तेलावर चालणारे रसायन उद्योग. १९७३ च्या तेलसंकटाने त्या रसायन उद्योगाचं कंबरडं मोडलं. तेव्हा नवीन काहीतरी हवं होतं.

कलम ९३६

१९७६ मध्ये अमेरिकेच्या करकायद्यात एक कलम आलं, क्रमांक ९३६. पूर्वी अडचण अशी होती, की बेटावर कमावलेला नफा कर न भरता मायदेशी न्यायचा तर तिथली कंपनीच गुंडाळावी लागे. नव्या कलमाने ती अट गेली. आता नफा लाभांश म्हणून केव्हाही करमुक्त नेता येऊ लागला. बेटाचं सरकार जाताना दहा टक्क्यांपर्यंतचा ‘टोल’ घेई, तेवढाच. नफा बेटावरच्या बँकांत ठेवला तर टोल कमी. त्यामुळे बँकांत पैशाचा महापूर आला आणि त्यातून कर्जं निघाली, घरं उठली.

औषध कंपन्या आल्या, वैद्यकीय उपकरणांचे कारखाने आले आणि संगणकवालेही आले. त्या काळची बलाढ्य संगणक कंपनी डिजिटल इक्विपमेंट सान हेर्मानमध्ये आधीपासून होती. ह्यूलेट-पॅकार्ड आग्वादियाला आली. पुढे मायक्रोसॉफ्टनेही उमाकाओत डिस्का तयार करायचं केंद्र काढलं. मायाग्वेसच्या विद्यापीठातून उत्तम इंजिनिअर बाहेर पडत होते. ऊसतोडणी कामगाराचा मुलगा पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत उभा राहिला. हे सगळं खरं आहे, आणि कलम ९३६ ने बेटाला काहीच दिलं नाही असं म्हणणारा माणूस अन्याय करतो.

पण आता यंत्राच्या आत बघू. समजा, एका कंपनीने न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत एक गोळी शोधली. शोधाचा खर्च तिकडे दाखवला आणि त्यावर तिकडे करात सूट घेतली. मग त्या गोळीचं पेटंट आपल्याच पोर्तो रिकोतल्या उपकंपनीच्या नावावर केलं. गोळी बनवायला खर्च नगण्य, किंमत मोठी. मधला सगळा नफा कागदोपत्री बेटावर उमटला आणि करमुक्त झाला. म्हणजे शोध तिकडे, बाजार तिकडे, मालक तिकडे. बेटावर गोळ्या भरायचं यंत्र आणि हिशोबाची वही. वॉशिंग्टनने १९८२ मध्ये ही पळवाट थोडी आवळली, पण मूळ आकर्षण तेच राहिलं.

अमेरिकेच्या सरकारी हिशोब तपासनीसांनी १९९२ मध्ये एक आकडा काढला. १९८७ सालच्या हिशोबात औषध कंपन्यांना बेटावरच्या दर कामगारामागे सुमारे ७० हजार डॉलरचा करलाभ मिळत होता. त्याच कामगाराला मिळणारा मोबदला होता सरासरी सुमारे २६ हजार डॉलर. म्हणजे सरकारने कामगाराला घरी बसवून पगार दिला असता, तरी निम्म्याहून जास्त पैसे वाचले असते. हा आकडा बाहेर आल्यावर कलम ९३६ चे दिवस भरत आले.

तोफखाना कुणाच्या हातात?

इथे थोडं फौजी बोलतो. पायदळ टेकडीवर चढाई करतं, तेव्हा मागून तोफखाना शत्रूच्या मोर्च्यांवर मारा करत असतो. शत्रूला डोकं वर काढू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. टेकडी तोफा घेत नाहीत, टेकडी जवान घेतात. जवान मोर्च्याजवळ पोहोचले की मारा उचलला जातो, त्याला आम्ही ‘फायर लिफ्ट’ म्हणतो. त्या क्षणी तुम्ही मोर्च्याच्या तोंडाशी असायला हवं. खाली ओढ्यातच बसून राहिलात, तर मारा थांबल्यावर तुम्ही उघड्यावर आणि शत्रू बंदुकीमागे.

करमाफी म्हणजे हा आधाराचा मारा. त्यातून वेळ मिळतो. त्या वेळात चढायचं असतं.

२० ऑगस्ट १९९६ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने अमेरिकेतली किमान मजुरी तासाला सव्वाचार डॉलरवरून दोन टप्प्यांत ५.१५ डॉलरवर नेली. छोट्या व्यावसायिकांना त्याची झळ बसू नये म्हणून त्यांना करसवलती दिल्या. आणि या सवलतींचा खड्डा भरून काढायला ज्या गोष्टींवर हात टाकला, त्यांत कलम ९३६ होतं. दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने रद्द. ज्या बेटाचं निम्मं नशीब त्या कलमावर होतं, त्याच्या प्रतिनिधीला मतच नव्हतं. बेटावर तेव्हा अमेरिकेचं पूर्ण राज्य व्हावं असं म्हणणाऱ्यांचं सरकार होतं. तेही हे कलम वाचवायला हिरिरीने उभं राहिलं नाही, कारण राज्य झालं की अशी सवलत टिकणारच नव्हती.

पण दहा वर्षं मिळाली होती, मंडळी. तारीख आधी सांगितलेली फायर लिफ्ट. अशी चैन आम्हाला कधी मिळाली नाही! या दहा वर्षांत काय व्हायला हवं होतं? स्थानिक कंपन्या, स्थानिक पुरवठादार, बेटावरच सुरू होणारं संशोधन. झालं काय, तर सरकारने कर्ज काढलं. पोर्तो रिकोच्या रोख्यांवरचं व्याज अमेरिकेत कुठेही करमुक्त असतं, त्यामुळे घेणारे रांगेत उभे होते. महसुलातली तूट रोख्यांनी भरायची सवय लागली. म्हणजे इथेही पुन्हा करमाफीच, फक्त या वेळी सावकारांना.

२००६ मध्ये सवलत संपली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सरकारकडे पगाराला पैसे उरले नाहीत. दोन आठवडे सरकारी कार्यालयं आणि शाळा बंद, ९५ हजारांच्या आसपास कर्मचारी घरी. मंदी सुरू झाली ती हटेना. कारखान्यांतल्या नोकऱ्या नव्वदच्या दशकातल्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास आल्या. तज्ज्ञ सांगतात की सगळा दोष कलम ९३६ जाण्याचा नाही. महाग वीज होती, बेशिस्त खर्च होता, २००८ चं जागतिक संकट होतं. औषध कंपन्याही सगळ्या गेल्या नाहीत, बऱ्याच आजही तिथे आहेत. हे मान्य. पण तरुण मात्र निघाले. नागरिकत्व अमेरिकेचं, त्यामुळे व्हिसा नको. विमानाचं तिकीट काढलं की फ्लोरिडा. मायाग्वेसचे इंजिनिअर बाहेरच्या कंपन्यांनी उचलले. २००० साली बेटावर ३८ लाख माणसं होती, २०२० साली ३३ लाखांहून कमी.

२०१५ मध्ये गव्हर्नरने जाहीर केलं की ७२ अब्ज डॉलरचं कर्ज फेडता येणार नाही. २०१६ मध्ये वॉशिंग्टनने सात जणांचं नियंत्रण मंडळ बसवलं आणि निवडून दिलेल्या सरकारच्या तिजोरीवर कुलूप लावलं. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ धडकलं. सगळ्या बेटाची वीज गेली, काही वाड्यावस्त्यांवर परत यायला वर्ष होत आलं. मृतांचा अधिकृत आकडा नंतर २,९७५ झाला. आणि त्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या रुग्णालयांत सलाइनच्या पिशव्यांचा तुटवडा पडला, कारण त्या पोर्तो रिकोत बनत होत्या. सगळ्या देशाला सलाइन पुरवणारं बेट स्वतः अंधारात होतं.

दुसरं बेट

आता म्हणाल, म्हणजे करमाफी वाईटच. थांबा. आयर्लंडकडे बघा.

१९५० च्या दशकात आयर्लंडही गरीब आणि माणसं बाहेर पाठवणारं बेट होतं. आयरिश अधिकाऱ्यांसमोर पोर्तो रिकोचं उदाहरण होतं. १९५६ मध्ये त्यांनी निर्यातीच्या नफ्यावर निम्मा कर माफ केला, दोन वर्षांत पूर्ण. १९५९ मध्ये शॅनन विमानतळाला लागून करमुक्त उद्योगक्षेत्र काढलं. हत्यार तेच.

फरक दोन. पहिला, तोफखाना त्यांच्या स्वतःच्या हातात होता. १९७३ मध्ये ते युरोपीय समुदायात गेले, आणि निर्यातीपुरती अशी माफी तिथे चालणार नाही हे कळल्यावर त्यांच्याच संसदेने १९८१ पासून कारखानदारीला १० टक्के असा नवा दर आणला. २००३ मध्ये सगळ्या व्यापारी नफ्याला साडेबारा टक्के. मारा उचलण्याआधी दुसऱ्या तोफा लावलेल्या असत. दुसरा फरक, त्यांनी मिळालेल्या वेळात चढाई केली. १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं. तंत्रमहाविद्यालयं काढली, १९७२ मध्ये लिमरिकला नवी तंत्रशिक्षण संस्था उभी केली. इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना इंजिनिअर कमी पडतील असं दिसताच जागा वाढवल्या. १९८० मध्ये ॲपल कॉर्कला आली आणि १९८९ मध्ये इंटेलने लेक्सलिप निवडलं.

तिथेही सगळं गोड नाही. १९८२ मध्ये सरकारने स्वतःच मागवलेल्या टेलेसिस अहवालाने बजावलं, की परदेशी कंपन्यांवर फार विसंबताय, घरचे उद्योग वाढवा. ऐंशीच्या दशकात पुन्हा बेकारी आली, २०१० मध्ये कर्जासाठी हात पसरावे लागले. ॲपलला दिलेल्या सवलतींवरून युरोपीय आयोगाने १३ अब्ज युरो वसूल करा म्हटलं, तर आयर्लंड सरकार म्हणालं आम्हाला ते नकोत! २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने घ्यायलाच लावले. आता मोठ्या कंपन्यांसाठी अनेक देशांत किमान १५ टक्क्यांचा दर आला आहे, म्हणजे हा खेळच आखडतो आहे. पण आयर्लंड टेकडीवर तरी पोहोचलं.

आणि पोर्तो रिको? २०१२ मध्ये त्यांनी पुन्हा करमाफी काढली. बाहेर सेवा विकणाऱ्या कंपन्यांना ४ टक्के कर. शिवाय, जे धनिक आधी बेटावर राहत नव्हते ते राहायला आले, तर त्यांच्या पुढच्या भांडवली नफ्यावर शून्य. आभासी चलनवाले लक्षाधीश आले. घरांच्या किमती चढल्या. जन्मापासून तिथे राहणाऱ्या माणसाला ही सवलत नाही, आणि भाडं मात्र त्यालाच वाढीव. भिंतींवर घोषणा रंगल्या यात नवल नाही.

अंदमानच्या मुलाला उत्तर

आता घरी येऊ. आपल्याकडेही हे होऊन गेलं आहे. नव्वदच्या दशकात आयकर कायद्याच्या आठव्या परिशिष्टात औद्योगिकदृष्ट्या मागास प्रदेशांची यादी होती, तिथल्या नव्या उद्योगांना करसुट्टी होती. त्या यादीत अंदमान-निकोबार होतं, तसं दमण, सिल्व्हासा आणि पाँडिचेरीही होतं. कारखाने गेले दमण-सिल्व्हासाला, कारण मुंबई हाकेच्या अंतरावर. पाँडिचेरीला संगणक जोडणीचे कारखाने गेले, कारण शेजारी चेन्नई. अंदमानात रांग लागली नाही. कर तिथेही माफच होता.

१० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून अंदमानला जाणारी समुद्राखालची केबल सुरू झाली. सुमारे २,३०० किलोमीटर, १,२२४ कोटी रुपये, थेट ग्रेट निकोबारपर्यंत. मी तिथे असताना उपग्रहावरून ईमेल उघडायला लावून चहा प्यायला जात असू. माझ्या मते ही केबल दहा करमाफ्यांच्या तोडीची आहे, कारण ती कुणी अर्थसंकल्पात रद्द करू शकत नाही.

त्या मुलाला मी फोन केला. म्हटलं, उद्या करमाफी जाहीर झाली, तर पेढे वाटण्याआधी तीन प्रश्न विचार. ती बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे? तुमच्याकडे विधानसभा नाही, निर्णय दिल्लीत. पण लोकसभेत तुमचा एक खासदार आहे आणि त्याला मत आहे, पोर्तो रिकोकडे तेही नाही. दुसरा प्रश्न, करमाफी संपेल त्या दिवशी बेटावर काय उरेल? डिझेलवर चालणारी वीज सुधारली असेल का? पोर्ट ब्लेअरच्या तंत्रमहाविद्यालयातल्या मुलांनी आपल्या चार कंपन्या काढल्या असतील का? आणि तिसरा, ती सवलत तुला मिळेल की फक्त बाहेरून येणाऱ्याला?

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, म्हणजे परत जाऊ नको म्हणता?"

मी म्हटलं, "जा. पण कंपनी येईल म्हणून वाट बघत बसू नकोस. केबल आली आहे, तुझं काम तिथून होतं का ते बघ. तुझ्या आजोबांना सरकारने जमीन दिली होती, पण जंगल त्यांनीच साफ केलं ना?"

तो हसला. म्हणाला, पोंगलच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन महिनाभर घरूनच काम करून बघतो. काय झालं ते कळलं की तुम्हालाही सांगेन.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.